आत्याचं औक्षण आणि बंदराचा करार

त्या फोटोतली बाई माझी आत्या नाही. पेपरांनी छापलं, वाहिन्यांनी दाखवलं, दिल्लीत आमच्या खात्याच्या भिंतीवरही मोठा करून लावलाय: पूर्वेकडच्या एका देशाचे उपपंतप्रधान जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका दारात वाकून उभे आहेत आणि पांढऱ्या केसांची एक बाई त्यांना ओवाळते आहे. खाली ओळ आहे, वडिलांच्या मानलेल्या बहिणीची भेट. ती बाई माझी चुलत वहिनी. आत्या त्या वेळी आत, भिंतीपलीकडे, कोचिंग क्लासच्या बाकावर बसली होती. लिफ्टमधून बाहेर पडलं की समोर तोच फोटो दिसतो आणि रोज सकाळी माझं डोकं फिरतं.

माझं काम दौरे आखण्याचं. आशियातले नेते इकडे येतात, आपले तिकडे जातात, त्यांनी कोणाला भेटावं, कुठे जावं, काय बोलावं आणि काय मुळीच बोलू नये, हे आम्ही ठरवतो. लोकांना वाटतं परराष्ट्र धोरण म्हणजे नकाशे आणि बंद दाराआडची खलबतं. तीही असतात. पण निम्मं धोरण खुर्च्यांचं असतं. गाडीतून आधी कोण उतरणार, कोणाची खुर्ची बोटभर उंच आहे, कोणत्या देशाच्या माणसाला पांढरी शेवंती द्यायची नाही कारण त्यांच्याकडे ती मयताला वाहतात. परक्यांचे शकुन-अपशकुन मला तोंडपाठ आहेत. घरचे मात्र मला अडाणीपणा वाटत आले आणि आजही वाटतात.

त्या देशात मी पूर्वी आपल्या दूतावासात होते, तेव्हा अगदी कनिष्ठ. एका समारंभात एक म्हातारे इंजिनियर भेटले. कुठल्या तुम्ही, असं त्यांनी विचारलं. आपले अधिकारी अशा वेळी दिल्ली म्हणून मोकळे होतात, मी जबलपूर म्हटलं. म्हातारा उभ्या उभ्या हलला. जबलपुरात शिकायला होतो, नेपियर टाउनमध्ये एका मराठी घरात राहायचो, वरच्या खोलीत, असं मोडक्या हिंदीत सांगायला लागला. ते घर माझ्या आजोबांचं निघालं. मग त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि रिकामे हात ओवाळल्यासारखे माझ्या तोंडासमोर गोल गोल फिरवून दाखवले. "दीदी," म्हणाले. "दीदी कशी आहे?"

दीदी म्हणजे आत्या. त्यांना मी तिचा फोन लावून दिला, दोघं काहीबाही बोलले, ऐकू कोणालाच नीट येत नव्हतं. पुढे माझी बदली झाली. म्हातारे गेले. त्यांचा मुलगा राजकारणात होता, तो वर चढत चढत उपपंतप्रधान झाला, आणि भारत दौरा ठरायच्या वेळी त्यांच्या बाजूनं एकच खासगी विनंती आली. वडिलांना ज्या बाईंनी दिवाळीत ओवाळलं, त्यांच्या हातून मला ओवाळून घ्यायचं आहे.

दिल्लीत या विनंतीवर बैठक झाली. त्या देशाचं एक बंदर आपल्याला वापरायला हवं होतं. मोठा शेजारी तिथं रस्ते बांधतो, स्टेडियमं बांधतो, आपण त्याच्यापुढे काय ठेवणार, हा वर्षानुवर्षं चाललेला रडगाण्याचा विषय. आमच्या साहेबांनी विनंतीचा कागद टेबलावर आपटला आणि म्हणाले, "हे त्या शेजाऱ्याकडे नाही." म्हणजे माझी आत्या धोरणात आली. तिच्यासाठी दौऱ्यात जबलपूर घातलं गेलं. राज्य सरकारला कळल्यावर त्यांनी लगेच भेडाघाटची नावेतली सफर, स्वागताचं नृत्य आणि एका मंत्र्यांचं भाषण जोडून दिलं. ते कमी करायला मी चार लोकांशी भांडले. भाषण मात्र कायम राहिलं.

मग मी आत्याला विचारायला जबलपूरला गेले. खाली एक डॉक्टर आणि एक कोचिंग क्लास, वर दादा, वहिनी आणि आत्या, असं आता ते घर आहे. दादा माझ्या काकांचा मुलगा, तोफांच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला. माणूस वाईट नाही. आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानंच करवलं, तिच्या गोळ्या तोच आणतो. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला राक्षस समजाल, आणि राक्षसावर रागावणं सोपं असतं.

आत्या ऐकून म्हणाली, "मी काहून ओवाळू? वहिनी आहे ना."

"त्याला वहिनी नको आहे, आत्या. तू हवी आहेस."

ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग तिनं मला ती भाऊबीज सांगितली. माझ्या जन्माआधीची गोष्ट, आणि माझ्या घरात ती कोणी कधी मला सांगितली नव्हती.

लग्नानंतर वर्षाच्या आत आत्याचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. ओवाळणं, हळदीकुंकू, कोणाची ओटी भरणं, सगळं बंद. आजीनं बंद केलं आणि आजोबांनी मान डोलावली. त्या दिवाळीला मोठी आत्या शहपुऱ्याहून आली होती, तिनं माझ्या बाबांना आणि काकांना ओवाळलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. वरच्या खोलीतला परदेशी मुलगाही जिन्यात बसून बघत होता. त्याला नुकतीच कावीळ होऊन गेली होती, महिनाभर आत्यानंच त्याला मऊ भात आणि मुगाचं वरण करून घातलं होतं. भावांचं आटोपल्यावर हा उठला, रिकाम्या पाटावर जाऊन बसला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाला, "दीदी, अब मेरी बारी."

त्याला काय माहीत असणार! पाहुण्याला उठ म्हणायची हिंमत आजीलाही झाली नाही. आत्या पुढे आली, ताम्हन उचललं आणि त्याला ओवाळलं. तो इथं शिकत होता तोवर दर भाऊबीजेला तो असाच येऊन बसायचा. तो गेला आणि तो पाट पुन्हा तिच्यासाठी रिकामा झाला. माझे बाबा शिकलेले होते, घरात सगळ्यांना सुधारणेवर व्याख्यानं द्यायचे, पण सख्ख्या बहिणीसमोर पाटावर ते एकदाही बसले नाहीत. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हा राग माझा गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

"चलो, ओवाळते," शेवटी आत्या म्हणाली. "पण हात कापून राहिला आहे गं माझा."

तेव्हापासून तिनं सराव सुरू केला. दुपारी स्वयंपाकघरात ताम्हनात पाण्यानं भरलेली वाटी ठेवून ती हवेत ओवाळायची. पाणी सांडलं की पुन्हा. पेटीतून मोरपंखी रंगाची एक साडी काढून इस्त्रीला दिली. मी तिला रंगीत साडीत पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. मी दिल्लीहून फोन केला की ती पाहुण्याच्या मुलाबाळांबद्दल विचारायची आणि मग हळूच म्हणायची, "त्याच्याशी बोलायला मिळेल ना गं थोडं? नुसतं ओवाळून पाठवाल तुम्ही लोक."

"दुभाषी मुलगी असेल, आत्या. तो विचारेल ते ती तुला हिंदीत सांगेल, तू बोलशील ते त्याला सांगेल."

इकडे दिल्लीत माझी वेगळीच लढाई चालली होती. सुरक्षेचे लोक म्हणाले, पाहुण्याच्या तोंडासमोर उघडी ज्योत चालणार नाही, बॅटरीचा दिवा ठेवा. मी म्हटलं, बॅटरीच्या दिव्यानं आमच्याकडे कोणाला ओवाळत नाहीत. तीन खात्यांत कागद फिरला. शेवटी निरांजन छातीच्या वर न्यायचं नाही आणि शेजारी एक माणूस ओलं फडकं घेऊन उभा राहील, या अटीवर मला तुपाची वात मिळाली. एवढा आनंद मला कुठल्या कराराचाही झाला नव्हता. पाहुण्याच्या हातात जो माहितीचा कागद जातो, त्यात मी स्वतः लिहिलं की दारात दिवा घेऊन त्या स्वतः उभ्या असतील.

दौऱ्याच्या आधी मी जबलपुरात पोचले, तर स्थानिक शिष्टाचार अधिकारी मला बाजूला घेऊन अदबीनं म्हणाला, "मैडम जी, बुरा मत मानिएगा. अम्मा जी के हाथ से... मतलब, वो तो सुहागिन नहीं हैं न?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला म्हटलं, "उन्हीं के हाथ से होगा. उन्हीं के लिए आ रहे हैं वो."

"जी, जी. बिल्कुल," तो म्हणाला, आणि सरळ जिना चढून दादाकडे गेला. ते मला नंतर कळलं.

त्या दिवशी नेपियर टाउन ओळखू येत नव्हतं. ऑटो नाहीत, स्कूटर नाहीत, क्लासचे फलक काढून भिंतीला रंग दिलेला. पाहुण्यानं जिना चढायला सुरक्षेनं नकार दिला होता, म्हणून क्लासची मोठी खोली रिकामी करून तिथं बसायची सोय केली होती. मी विमानतळावरून ताफ्यातच आले, पण माझी गाडी शेवटची. गल्ली अरुंद म्हणून पुढच्या चार गाड्या आत सोडल्या आणि आम्हाला वळणावरच अडवलं. मंत्र्यांचं भाषण लांबल्यामुळे घरची वेळ आधीच अर्धी झाली होती. मी उतरून चालत निघाले, तर दोरखंड लावलेला. ओळखपत्र दाखवा, वायरलेसवर विचारा, असं करत मी दारात पोचले तेव्हा पाहुणा परत निघाला होता.

त्याचे डोळे ओले होते. मला पाहून थांबला, माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्या वडिलांचं एक ओझं होतं, ते आज उतरलं, असं तो म्हणाला. मला भरून आलं. मी हसले! त्याच्या तोंडावर, खुशाल, हसले. तो गाडीत बसला, काच वर गेली, ताफा हलला.

मी आत गेले. वहिनी दारातच होती, पैठणी नेसून, हातात ताम्हन, वात अजून जळत होती. ओल्या फडक्याचा माणूस बाजूला उभा होता. आत बाकावर, कोपऱ्यात, आत्या बसली होती. मोरपंखी साडी. हातात कोणीतरी दिलेला फुलांचा गुच्छ.

"काय झालं?" मी विचारलं. मग मी ओरडले. नेपियर टाउनच्या त्या रिकाम्या रस्त्यावर ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्यानं ओरडले.

दादा म्हणाला, "आवाज कमी कर. काहून तमाशा करून राहिली? दारात गर्दी होती, तिचा हात कापतो, तुपाचा दिवा पडला असता तर? तिला आत बसवलं, नवीन शाल दिली. तो आत आला, मी ओळख करून दिली, माझी आंटी म्हणून. त्यानं नमस्कार केला. काय कमी केलं आम्ही?"

"हात कापतो म्हणून?"

तो इकडे तिकडे बघायला लागला. मग खरं बोलला. "तू दिल्लीत राहते. आम्हाला इथं चार लोकांत राहायचं आहे. एवढा मोठा माणूस, एवढ्या शुभ कामाला आलेला. उद्या त्याच्या विमानाला काही झालं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं?"

मी आयुष्यभर लोकांची मूर्ख उत्तरं हसतमुखानं ऐकून घेतली आहेत, त्याचाच पगार मिळतो. पण त्या क्षणी मला दादाला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. ज्या बाईसाठी एका देशाचा उपपंतप्रधान वाट वाकडी करून आला, तीच बाई त्याच्या विमानाला अपशकुन! त्याच्या वडिलांनी तिच्या हातून ओवाळून घेतलं आणि म्हातारे होऊन, नातवंडं पाहून गेले, हे त्या घरात एकालाही सुचलं नाही.

वहिनी रडकुंडीला आली होती. "मला हे म्हणाले तू उभी राहा, मी राहिली. तो खाली वाकला, पाया पडला, काही बोलून राहिला, ती पोरगी हिंदीत सांगून राहिली, बाहेर बँडचा आवाज, कॅमेरे. मला काहीच समजलं नाही. मी थँक्यू म्हटलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, काय घडलंय ते. त्याच्या हातातल्या कागदात होतं की दारात दिवा घेऊन त्या स्वतः उभ्या असतील. पांढऱ्या केसांची बाई दिवा घेऊन उभी होती. त्याला जे बोलायचं होतं ते तो तिच्याशी बोलून गेला.

मी दुभाषी मुलीला फोन लावला. ती विमानतळावर होती. तिनं मला सगळं शब्दशः सांगितलं. मग मी दिल्लीत साहेबांना फोन केला. ते आनंदात होते, सगळ्या वाहिन्यांवर तोच फोटो होता. मी झालेला प्रकार सांगितला आणि म्हटलं, विमान सुटायच्या आत त्यांना सांगू या, ते फोनवर बोलतील तिच्याशी. साहेब म्हणाले, "त्यांना सांगायचं काय? की तुम्ही भलत्याच बाईच्या पाया पडलात, जगासमोर? दोन्ही बाजू खूश आहेत. करार होऊ दे, मग बघू."

करार झाला. बंदर मिळालं. मग त्यांच्याकडे निवडणूक आली, तेव्हा साहेब नको म्हणाले. मग तो पंतप्रधान झाला, आणि आमच्या धंद्यात पंतप्रधानाला त्याची चूक दाखवत नाहीत. नियम मोडून मी त्यांच्या दूतावासातल्या एका ओळखीच्या बाईंच्या कानावर घातलं. त्या ओशाळून हसल्या आणि म्हणाल्या, हे त्यांना सांगणार कोण? त्यांच्या घरीही तो फोटो लावलेला आहे.

पण हे पुढचं. त्या दुपारी फोन ठेवून मी क्लासच्या खोलीत गेले. खुर्च्या उचलायला माणसं आली होती. आत्या अजून त्याच बाकावर होती, गुच्छ शेजारी ठेवलेला. मी तिच्याजवळ बसले.

"माझ्याशी नाही बोलला गं तो," ती म्हणाली. "दारात खूप बोलला. मला आवाज येत होता."

"तो वडिलांचा निरोप घेऊन आला होता, आत्या. वडील त्याला म्हणाले होते, पहिल्या भाऊबीजेला दीदी ओवाळताना रडत होती, तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. पुढे कॉलेजात कोणीतरी सांगितलं. तिला विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. तू गेलास तर विचार, मी त्या पाटावर बसलो, त्याचा तिला घरात त्रास झाला का? आणि झाला असेल तर माझ्यातर्फे माफी माग."

आत्या ऐकत होती. तिनं पदर नीट केला.

"मग वहिनीनं काय सांगितलं?"

"थँक्यू म्हणाली."

बाहेर रस्ता उघडला होता, ऑटोचे हॉर्न सुरू झाले होते. आत्याच्या चेहऱ्यावर मी तसा राग कधी पाहिला नव्हता, त्या घरात रागवायची मुभा तिला कधी कोणी दिलीच नव्हती. ती सावकाश, एकेक शब्द तोडत बोलली.

"झाला त्रास. खूप झाला. आई संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण त्यानं माफी काहून मागावी? या घरात माझ्यासमोर येऊन बसणारा तो एकटाच होता. हे सांगायचं होतं मला त्याच्या मुलाला. तू कळव. माझं नाव घालून कळव. कळवशील ना?"

मी हो म्हटलं. अजूनही फोन केला की ती आधी तब्येतीचं नाही, तेच विचारते.